लाकडी घोड्याच्या मापाचं खोगीर

मी खोगीर बोलतोय. दचकू नका, तुमच्या पाठीवर चढायचा माझा विचार नाही. तिथं आधीच किती जण बसलेत, ते मला दिसतंय.

माझं नाव तुमच्या तोंडी असतं, पण चांगल्या कामासाठी कधीच नाही. भाषण लांबलं की ती खोगीरभरती. कचेरीत बिनकामाची माणसं भरली की तीही खोगीरभरती. घोड्याचं मात्र कौतुक. काम अडलं की तुम्ही म्हणता, घोडं कुठं पेंड खातंय बघा. अहो, त्याला निदान पेंड तरी मिळते. मला बोलणीच मिळतात. चालायचंच.

माझा जन्म एका लांबोळक्या खोलीत झाला. एका भिंतीला खिडक्या, दुसरीला कातड्याच्या गुंडाळ्या, आणि मधे सात माणसं माना खाली घालून शिवत बसलेली. मेणाचा, तेलाचा आणि ओल्या कातड्याचा वास. खोलीच्या मधोमध एक घोडा उभा होता. लाकडी. त्याला मुंडकं नाही, शेपूट नाही. चार पायांवर ठेवलेला ओंडका, पण पाठ कशी गोल गरगरीत, जेवून पालथ्या पडलेल्या जावयासारखी. खोगीर शिवून झालं की त्या पाठीवर चढवायचं. मालक यायचा, दोन थपडा मारायचा, "बसलं" म्हणायचा. बसलं म्हणजे झालं.

आता यातली मेख सांगतो. त्या सात जणांतल्या एकानंही खऱ्या घोड्याला कधी हात लावलेला नव्हता. तयार माल पोत्यात घालून मागच्या दारानं जायचा, घोडे जिथं कुठं असतील तिथं. ह्यांच्यासाठी घोडा म्हणजे तो ओंडका. दुपारी त्याच्यावर डबे ठेवून जेवायचे.

खिडकीजवळच्या शेवटच्या स्टुलावर एक मुलगी बसायची. आईबापांनी काहीतरी नाव ठेवलं असेलच, पण तिला सगळे दाभण म्हणायचे. दाभण म्हणजे कातडं शिवायची जाड सुई. ही बोलायचीही तशीच, एका घावात आरपार. सोळाव्या वर्षी ती त्या स्टुलावर बसली. सत्ताविसाव्या वर्षी मी तिच्या मांडीवर आलो, अर्धा शिवलेला, पोट उघडं.

एके दिवशी तिनं मान वर न करताच विचारलं, "मालक, एक बोलू?"

"बोल. हात चालू ठेव."

"अकरा वर्षं झाली खोगिरं शिवतेय. एकदा घोड्यावर बसून बघू का? आपलं काम बसायला कसं झालंय, कळेल तरी."

मालक हसला. "चपला करणारा काय सगळ्या गावाच्या पायात शिरून बघतो?"

"गावाच्या नाही, पण स्वतःच्या पायात घालून बघतो की."

खोलीतले सगळे हात थांबले. मालकाला हसू आवरतं घ्यावं लागलं. तो म्हणाला, "शिवणाऱ्यानं शिवावं, बसणाऱ्यानं बसावं. मधे घुसू नये."

"आणि घोड्यानं काय करावं?"

यावर मालक चहा घ्यायला निघून गेला. मोठ्या माणसांची ही रीतच आहे. आणि दाभणनं पुढचा टाका माझ्यात इतका जोरात ओढला, की तो अजून सैल झालेला नाही. तिचं स्वप्न काय होतं, ते एवढंच. शर्यत नको, पदक नको, टापांचा आवाज नको. आपण केलेल्या कामावर एकदा बसून बघायचं, नीट झालंय की नाही.

मला एका डॉक्टरनं करायला सांगितलं होतं. माझे शेवटचे टाके पडेपर्यंत त्यानं मोटार घेतली. मग वकिलानं घेतली, मग ज्यानं त्यानं. वर्षभरात कारखान्याला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी मालकाला उमाळा आला. म्हणाला, "आठवण म्हणून एकेक वस्तू घेऊन जा." कुणी कात्री घेतली, कुणी पितळी दिवा. एकानं तर न्हाणीघराचं दार काढून नेलं. त्याच्याकडे कसली आठवण होती, देव जाणे. लाकडी घोडा सरपण म्हणून लाकडाच्या वखारीत गेला. दाभणनं मला उचललं.

मालक म्हणाला, "अगं, पण घोडा कुठंय तुझ्याकडं?"

"आज नाहीये."

दोन गल्ल्या आणि तीन जिने तिनं मला खांद्यावर वाहिलं. म्हणजे बघा, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या पाठीवर बसलो तो घोडा नव्हता, बाई होती. यात नवल वाटण्यासारखं तुम्हाला काही दिसणार नाही. मलाही पुढं ते वाटेनासं झालं.

घरी दोन खोल्या. नवरा ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर कारकून. त्याला सवयच अशी, की कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तोलायची. मलाही तोललं. "नऊ किलो. फार तर सव्वानऊ." मग विचारलं, "अगं, घोडा ठेवणार कुठं? मोरीत?"

"आधी खोगीर आलंय. घोडा येईल."

"तीन जिने चढून?"

"मी उतरीन की."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी सुना वेडेपणासुद्धा सासूला विचारून करायच्या." आणि सरकून त्यांनी मला सोफ्याच्या हातावर जागा करून दिली. तोंडानं कडू, हातानं गोड, अशी माणसं असतात.

तिथून माझी खरी कारकीर्द सुरू झाली. घोड्याचं सोडून मी सगळ्यांचं ओझं वाहिलं. माझ्यावर ओले टॉवेल वाळले, इस्त्रीचे कपडे थांबले, शाळेची दप्तरं पडली. मांजर तीनदा व्यालं. पाहुण्यांतला जाडा माणूस आला की त्याला मुद्दाम माझ्याजवळ बसवायचे, म्हणजे त्याची कोपरं माझ्यावर यावीत आणि सोफा वाचावा. माझ्या दोन्ही रिकिबी, म्हणजे पाय अडकवायच्या लोखंडी कड्या, सासूबाईंनी काढून घेतल्या. एक भिंतीला ठोकून त्यात हात पुसायचा पंचा अडकवला, दुसरी वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराखाली सारली. घोड्याच्या पोटाखालून घ्यायचा माझा पट्टा पाहुण्यांची गादी गुंडाळून बांधायला गेला. माणूस घरात वस्तू कशी मुरवतो, हे शिकायचं असेल तर माझ्याकडं या.

पण वर्षातून दोन रविवार असे यायचे, की नवरा दाढी-कटिंगला गेला की दाभण जमिनीवर वर्तमानपत्र पसरायची. मला त्यावर घ्यायची. वाटीत एरंडेल कोमट करायची आणि बोटांनी, कापडानं, कानाकोपऱ्यात मुरवायची. कातड्याला तेल नसलं की ते आधी ताठतं, मग तडकतं, मग त्याचा पापड होतो. ती हळूच म्हणायची, "सुकू नकोस. अजून वेळ आहे."

नवरा परत आला की म्हणायचा, "या खोगिराला लागलं तेवढं तेल माझ्या डोक्याला लागलं असतं, तर आज कटिंगला काहीतरी अर्थ असता."

खरं सांगू? मलाही वाटायचं, विसरेल. कारण सोफ्याच्या हातावरून मी पुष्कळ माणसं ऐकली होती. एक जण म्हणायचा, मुलं मोठी झाली की मी सतार शिकणार. मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, तो अजून सतारीच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडतो. एक बाई म्हणायची, घर झालं की समुद्र बघायला जाणार. घर झालं, मग घराला रंग, मग गच्चीची गळती. माणसं स्वप्न टाकून देत नाहीत हो, तेवढी ती उधळी नसतात. पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या चांगल्या कपबशांसारखी ती वरच्या फळीवर ठेवतात, आणि तो पाहुणा काही येत नाही.

आता चिरंजीवांकडं वळतो. दाभणला एकच मुलगा. लहानपणी तो माझ्यावर बसून सोफ्यावरून अख्खी पृथ्वी फिरून यायचा. गुण तेव्हापासूनच दिसत होते: जागचं न हलता लांबचा प्रवास. मोठा झाल्यावर त्यानं पाणी गाळायची यंत्रं विकली, मग विमा, मग शोभेचे मासे. मासे मेले. मग तो कुठंसं दोन दिवसांचं शिबिर करून आला, आणि तिसऱ्या दिवशी लोकांना जगायचं कसं ते सांगायला लागला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त याला उंट मिळेना. एक दिवस त्याची नजर माझ्यावर पडली.

"आई, हे मी नेऊ का? व्याख्यानाला लागतं."

"तिथं घोडा आहे?"

"माणसं आहेत."

"मग जपून ने," दाभण म्हणाली.

असा मी वयाच्या चाळिशीत व्यासपीठावर गेलो. टेबलावर मी, मागं कापडी फलक: 'स्वप्न मोठं बघा'. फलकावर चिरंजीवांचा हाताची घडी घातलेला फोटो. पहिल्या सभेत तो म्हणाला, "माझी आई खोगिरं शिवायची." हे खरं होतं, म्हणून टाळ्या कमी पडल्या. चौथ्या सभेत म्हणाला, "आईला घोडेस्वार व्हायचं होतं." दहाव्या सभेत आई पहाटे चारला उठून या खोगिरावर सराव करू लागली. पुढं पुढं तिच्यावर हसणारा गाव आला, तिची वाट अडवणारा बाप आला. दाभणचा बाप तर ती तीन वर्षांची असतानाच गेलेला, बिचारा पोराच्या कामासाठी परत उठून आला. शेवटी चिरंजीव माझ्यावर हात ठेवायचे, आवाज कापरा करायचे, "आणि एक दिवस…" म्हणून पाणी प्यायचे. त्या एका दिवशी काय झालं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. टाळ्या आधी यायच्या.

दिवे लागले की मी चमकावा म्हणून त्यानं मला व्हार्निश दिलं. कडेनं सोनेरी खिळे ठोकले. लोक म्हणायचे, काय देखणं खोगीर. अहो, व्हार्निशखाली कातडं गुदमरतं. वरून लखलख, आतून भेगा. सभागृहात समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना हे सांगितलं असतं तर लगेच कळलं असतं.

एकदा दाभण सभेला आली. पहिल्या रांगेत बसली, पायांत मोजे, हातात पिशवी. सगळं ऐकून घेतलं. जाताना चिरंजीव तिला घरी सोडायला निघाले, मी मागच्या सीटवर होतोच, तेव्हा गाडीत ती म्हणाली, "खोटं का सांगतोस रे?"

"आई, ती प्रेरणा असते."

"मी कुठं म्हटलं मला घोडेस्वार व्हायचंय? मला फक्त बसून बघायचंय, नीट झालंय का."

"हे असं सांगितलं तर कोण उठून टाळ्या वाजवेल?"

दाभण पिशवीचे बंद गुंडाळत राहिली. मला वाटलं, संपलं. पण त्या आठवड्यात तिनं मला तेल लावायचं म्हणून दोनदा निरोप धाडला. चिरंजीव म्हणाले, व्हार्निशला तेल चालत नाही.

मग ती बातमी आली. चिरंजीवांनी केंद्र काढलं. 'स्वप्नसाधना केंद्र'. दारातच एक चौथरा आणि त्यावर मी, कायमचा. सोमवारी उद्घाटन, रविवारी संध्याकाळी सुतार येऊन चार स्क्रू माझ्यातून आरपार पिळणार, म्हणजे कुणी उचलून नेऊ नये. खोगिराच्या पोटात लाकडाचा सांगाडा असतो. त्याला भोकं पडली की ते पुन्हा कुणाचं वजन पेलत नाही. शोभेलाच उरतं.

शनिवारी चिरंजीवांनी मला जुन्या कापडी फलकात गुंडाळून आईकडे आणलं. "आई, तुझ्या हातानं एकदा पुसून दे. उद्या दुपारी नेतो."

"भोकं पाडायच्या आधी मला एकदा बसू दे रे."

"कशावर?"

"घोड्यावर. वखारीत एक घोडी आहे. लाकडं ओढायची, आता म्हातारी झालीय."

"आई, एकाहत्तर वर्षांची आहेस तू. गुडघा बघ. एक हाड मोडलं तर?"

"परवा तूच म्हणालास, स्वप्नाला वय नसतं."

"ते हॉलमधल्यांसाठी गं."

नवरा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. ते वर्तमानपत्र बराच वेळ हलत राहिलं. हसत होता की काय होतं, मला दिसलं नाही.

रविवारी सकाळी दाभणनं खाली पेपर पसरला, बोथट सुरी घेतली आणि माझं व्हार्निश खरवडायला लागली. सोनेरी खिळे पकडीनं उपसले. मग कोमट एरंडेल. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगात काहीतरी मुरलं. नवरा आतून आला.

"काय चाललंय?"

"उतरतेय," ती म्हणाली.

तो मोरीकडं गेला, पंचा बाजूला करून भिंतीतली रिकीब उपटली. दाराखालची दुसरी काढली. दार आपटलं, त्यानं आपटू दिलं. मग कपाटावरची गादी ओढून तिचा पट्टा सोडला. चव्वेचाळीस वर्षांत माझं कुठलं अंग घरात कुठं गेलंय, हे या माणसाला तोंडपाठ होतं. चिरंजीवांच्या एकाही सभेत या माणसाचा उल्लेख नाही. हा त्यांच्या गोष्टीत बसत नाही.

वखार दोन गल्ल्या सोडून. फलकात गुंडाळून मला त्यानं उचललं. "आता साडेनऊ भरेल. तेल प्यालंय." वखारीची मालकीण पन्नाशीची, कमरेला पदर खोचून करवतीला धार लावत बसलेली. म्हणाली, "या आजी."

"आजी घरी. इथं ताई म्हण."

"बरं ताई. घोडी ती बघा. चावत नाही, पळत नाही, खातेही पूर्वीइतकं नाही. आमच्या यांच्यापेक्षा बरी आहे."

घोडी करडी, पापण्याही करड्या. आणि तिच्या शेजारी, सालं सोलायला ठेवलेला कोण असावा? आमचा लाकडी घोडा. कधीकाळी सरपण म्हणून आला तो फुटलाच नाही, इतका कठीण. मग त्यावर फळ्या कापायला लागले. पाठीवर करवतीचे शंभर व्रण, बाकी तसाच गरगरीत. दाभणनं त्याला थोपटलं आणि सवयीनं मला आधी त्याच्यावर ठेवलं. मी बसलो. असा बसलो, जसा ताटात वाटी.

मग तिनं मला घोडीवर ठेवलं.

तो क्षण मी विसरणार नाही. मी एका बाजूला कललो. तिनं सरळ केलं, मी दुसऱ्या बाजूला कललो. घोडीची पाठ गोल नव्हतीच. मधे कणा घराच्या आढ्यासारखा उभा, दोन्हीकडे उतार. माझं पोट नेमकं त्या कण्यावर टेकत होतं. घोडीनं कातडी थरथरवली. दाभणनं मला उचलून खाली हात घालून पाहिलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा पाहिलं.

"हिचीच पाठ अशी आहे?"

"म्हातारी झाल्यावर जरा जास्त दिसते," वखारवाली म्हणाली. "पण कणा सगळ्यांनाच असतो की, ताई. घोडा आहे तो."

दाभण बाजूला पडलेल्या एका लाकडावर बसली. रंग उतरला तिचा. "अकरा वर्षं मी या ठोकळ्याच्या मापानं शिवलं," ती म्हणाली. "म्हणजे जिथं जिथं माझी खोगिरं गेली, तिथं तिथं पाठी सोलल्या असतील."

वखारवालीनं खोटं बोलायचं टाळलं. "सोलल्या असतील. घोडे कुठं सांगायला येतात."

"म्हणून विचारलं होतं मी मालकाला. म्हणून बसून बघायचं होतं."

नवऱ्यानं घड्याळाकडं पाहिलं. दुपारी मुलगा येणार, संध्याकाळी सुतार. मला वाटलं, आता ती मला उचलून घरी नेईल, आणि मी मुकाट्यानं चौथऱ्यावर जाईन. लाकडी घोड्यासाठी जन्मलेलं खोगीर, फरशीवरच बरं. लाज वाटत होती मला. जन्मभर घोड्याची वाट पाहिली आणि घोडा भेटला तर त्यालाच टोचलो.

दाभणनं पिशवी उघडली. तिच्यातून दाभण निघालं, मेणाचा गोळा निघाला, दोरा निघाला.

"आणलं होतंस?" नवऱ्यानं विचारलं.

"नेहमीच असतं," ती म्हणाली, आणि मला उताणा घालून तिनं माझं पोट फाडलं.

आतली लोकर गोळे होऊन दगड झालेली. तिनं मधली सगळी उपसली, कण्यासाठी लांबलचक खाच मोकळी केली. आता दोन्ही बाजू भरून उंच करायला हव्या होत्या. वखारवाली म्हणाली, "भुसा देऊ? भुसा पुष्कळ आहे."

"भुसा टोचतो. तुझ्या गादीत भरशील?"

सगळे इकडंतिकडं बघायला लागले. नवऱ्याच्या हातात तो कापडी फलक होता, ज्यात मी गुंडाळून आलो होतो. त्यानं तो बोटांत चोळून पाहिला. "हे चालेल? मऊ आहे."

दाभणनं फलक पसरला. 'स्वप्न मोठं बघा'. आणि घडी घातलेले चिरंजीव, हसरे.

"त्याचा चेहरा कापू नकोस हं," नवरा म्हणाला.

"चेहरा अख्खाच घालते. डाव्या बाजूला."

फलकाच्या पट्ट्या झाल्या, पट्ट्यांचे पदर झाले, पदर माझ्या पोटात गेले. सगळे मला खोगीरभरती म्हणून हिणवतात ना, ती खरी काय असते ते त्या दिवशी मला कळलं. कुणाची तरी पाठ सोलू नये म्हणून जे भरतात, ती. दीड तास ती शिवत होती. बोटं पूर्वीसारखी वळत नव्हती. दोनदा दाभण निसटलं, एकदा रक्त आलं. पण टाका तोच, ओढून घेतलेला.

मग मी पुन्हा घोडीवर गेलो. या खेपेस तिनं कातडी हलवली नाही. नुसता श्वास सोडला, लांब. माझ्या दोन्ही बाजू तिच्या पाठीला टेकल्या आणि मधून वारा गेला. आणि खाली ऊब होती, वरखाली होत होती. मला कुणी सांगितलंच नव्हतं, की घोडा आतून हलत असतो.

पट्टा आवळला. ओंडक्यांच्या उतरंडीवरून दाभण चढली. नवऱ्यानं एका हातानं तिचं कोपर धरलं, दुसऱ्यानं रिकिबीत पाय सरकवून दिला. वखारवालीनं लगाम धरला. आणि आम्ही निघालो. फळ्यांच्या ढिगाला वळसा, भुशाच्या पोत्यांवरून, फाटकापर्यंत, परत. नवरा शेजारून चालत होता, तळहात वर, जणू तिचं वजन हवेत तोलतोय.

मला वाटलं, आता ती रडेल. सभेत इथं लोक रुमाल काढायचे. दाभण दोन्ही पाय ताणून, इकडं तिकडं भार टाकून बघत होती. शेवटी म्हणाली, "डावी बाजू उंच झालीय."

"उतरू या मग," नवरा म्हणाला.

"थांबा हो. अजून एक फेरी. नीट कळू दे."

दुसऱ्या फेरीत फाटकात चिरंजीव उभे. घरी कुणी नाही म्हणून शोधत आले होते. तोंड उघडंच राहिलं. मग हात आपोआप खिशात गेला, फोन वर आला. "आई, हसत राहा. बाबा, जरा बाजूला व्हा, मधे येताय."

"ते बाजूला झाले तर मी पडेन," दाभण म्हणाली.

त्यानं फोन खाली घेतला. जवळ आला, आयुष्यात पहिल्यांदा घोड्याच्या मानेला हात लावला, आणि चटकन मागं घेतला. "गरम आहे."

"जिवंत आहे," त्याची आई म्हणाली.

क्षणभर सोफ्याच्या हातावर बसून पृथ्वी फिरणारा मुलगा मला त्याच्या तोंडावर दिसल्यासारखा वाटला. मग तो म्हणाला, "पण सुतार येतोय. उद्घाटन आहे. चौथऱ्यावर मी काय ठेवू?"

वखारवालीनं करवतीनंच लाकडी घोड्याकडं बोट केलं. "हा घेऊन जा. हलत नाही, खात नाही, कुणाला पाडत नाही. तुझ्या कामाला हाच बरा."

आणि ऐका, तो घेऊन गेला. आज केंद्राच्या दारात तो ओंडका उभा आहे, व्हार्निश दिलेला, चार स्क्रूंनी पक्का. चिरंजीव त्याच्यावर हात ठेवून सांगतात, "याच घोड्यावर माझी आई…" आणि पाणी पितात. टाळ्या पूर्वीइतक्याच आहेत म्हणे.

मी वखारीत खुंटीला असतो. घोडीच्या घामाचा वास मला लागलाय, मांजराचा गेलाय. घरी दार आपटतं, पंच्याला जागा नाही. कुणी तक्रार करत नाही. पोटात चिरंजीवांचा चेहरा मऊ पडत चाललाय. फलकाची अक्षरं घोडीच्या पाठीला टोचत नाहीत, हे सगळ्यात महत्त्वाचं.

निरोप घेण्याआधी तुम्हाला एकच विनवणी. तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी सोफ्याच्या हातावर पडलं असेल. त्यावर टॉवेल वाळवा, मांजर बसू द्या, माझी हरकत नाही. फक्त त्याला चमकवू नका. वर्षातून दोनदा तेल लावा. आणि वेळ आलीच तर जिने उतरायला लाजू नका. तिथं गेल्यावर माप चुकलेलं निघेल, निघतंच. सुई-दोरा सोबत ठेवा.

आता थांबतो. आज रविवार आहे आणि फाटक वाजलं. नवरा पुढं, हातात तेलाची वाटी, पाऊल जपून टाकतोय. मागं दाभण, गुडघ्यावर हात ठेवत, पिशवीत काहीतरी चाचपत येतेय. सहा रविवार झाले, तिचं म्हणणं तेच आहे. डावी बाजू अजून जरा उंच आहे.